अमावास्या किती वाजता असते?

२०२४ ची दिवाळी आठवून पाहा. लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला करायचं की १ नोव्हेंबरला, यावर घरोघरी खल चालला होता. उत्तरेत पुष्कळ ठिकाणी ३१ तारीख धरली गेली; आपल्याकडच्या दिनदर्शिकांवर १ नोव्हेंबर छापलेला होता. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिकडे २० ऑक्टोबर, इकडे २१. कर्जतच्या बाजारपेठेत वहीपूजन करणारा व्यापारी असो की खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे सलग दोन वर्षं जरा संशयानेच पाहिलं गेलं. पंचांगवाल्यांना नावं ठेवून झाली. ज्याच्या चालीमुळे हा घोळ होतो त्या चंद्राला मात्र कोणी जाब विचारला नाही.

२०२४ ची आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:१६ ला संपली. म्हणजे २६ तास २४ मिनिटं. दिवस २४ तासांचा आणि तिथी सव्वीस तासांहून मोठी, तेव्हा ती दोन संध्याकाळी अडवून बसणारच. आपल्या रायगडात १ तारखेचा सूर्य मावळल्यावरही दहा-बारा मिनिटं अमावास्या शिल्लक होती. २०२५ मध्ये ती २० ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि २१ ला ५:५४ ला, सूर्यास्ताच्या पंधराएक मिनिटं आधी संपली. अशा वेळी पूजा कोणत्या संध्याकाळी करायची हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे, तो जाणकारांनी सोडवावा. तिथी इतकी लांबली का, हा प्रश्न खगोलाचा आहे आणि त्याचं उत्तर फार देखणं आहे.

अमावास्या म्हटलं की आपल्याला रात्र आठवते. प्रत्यक्षात अमावास्या हा एक क्षण आहे. पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि चंद्र यांच्या रेखांशांतलं अंतर शून्य होतं तो क्षण. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी पुरी होते. तीस तिथींत ३६० अंशांचा फेरा होतो. पंचांगात अमावास्येसमोर जी समाप्तीची वेळ छापलेली असते, तोच हा क्षण. तो साऱ्या जगासाठी एकच असतो. १ नोव्हेंबर २०२४ ला आपल्याकडे दिवेलागणीची वेळ होती, तेव्हा लंडनमध्ये दुपार होती. चंद्र-सूर्याची गाठ दोन्हीकडे त्याच क्षणी पडली. अमावास्येची समाप्ती पहाटे झाली काय किंवा भर दुपारी, त्याला रात्रीचं असं काही बंधन नाही. त्या दिवशी चंद्र सूर्याबरोबर उगवतो, त्याच्याबरोबरच मावळतो, म्हणून रात्र अंधारी जाते इतकंच.

आता चंद्र जर रोज सारख्या वेगाने चालला असता, तर प्रत्येक तिथी सुमारे २३ तास ३७ मिनिटांची झाली असती आणि कॅलेंडर छापणाऱ्यांचं काम निम्म्यावर आलं असतं. पण त्याची वाट गोल नाही, लंबवर्तुळाकार आहे, आणि पृथ्वी त्या लंबवर्तुळाच्या मध्यावर नसून एका बाजूला आहे. सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर. पण चंद्र कधी ३ लाख ५७ हजारांच्याही आत येतो, तर कधी ४ लाख ६ हजारांपलीकडे जातो. बोरघाट चढणारा लादलेला ट्रक जसा वळणागणिक दमत जातो आणि उतरणीला लागला की सुसाट सुटतो, तसंच हे. पृथ्वीपासून दूर जाताना चंद्राला तिच्या ओढीविरुद्ध चढायचं असतं, म्हणून तो मंदावतो. जवळ येताना वेग घेतो. दूरच्या टोकाला तो दिवसाला पावणेबारा-बारा अंश चालतो, जवळच्या टोकाला पंधरा अंशांहून जास्त. मंद चंद्राला बारा अंशांची आघाडी घ्यायला वेळ लागतो, तिथी लांबते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही दिवाळ्यांत अमावास्या चंद्राच्या दूरच्या टोकापासून दोन-तीन दिवसांच्या अंतरावर होती. सगळा घोळ तिथला.

याची खातरजमा घरबसल्या करता येते. २० नोव्हेंबर २०२५ ला अमावास्या दुपारी १२:१७ ला संपली, आणि त्याच दिवशी चंद्र त्या वर्षातल्या सर्वांत दूरच्या जागी, ४ लाख ६ हजार ६९१ किलोमीटरवर होता. पुढची अमावास्या २० डिसेंबरला सकाळी ७:१३ ला संपली. मधला काळ २९ दिवस १८ तास ५६ मिनिटं. आता २०२६ चा जून घ्या. अधिक ज्येष्ठाची अमावास्या १५ जूनला सकाळी ८:२४ ला संपते आणि तेव्हा चंद्र अगदी जवळ, ३ लाख ५७ हजार किलोमीटरच्या आसपास असतो. पुढची १४ जुलैला दुपारी ३:१३ ला. मधला काळ २९ दिवस ६ तास ४९ मिनिटं. दोन्ही चांद्रमासच, पण एक दुसऱ्यापेक्षा बारा तासांनी मोठा! आणि १५ जूनची ती अमावास्या तिथी जेमतेम वीस तासांची. दिवाळीतल्या अमावास्येपेक्षा सहा तासांनी तोकडी.

हे लंबवर्तुळही एका जागी स्थिर नाही. पृथ्वी चंद्राला धरून आहे, पण सूर्यही त्याला ओढतो. त्या ओढाताणीत चंद्राच्या कक्षेचा लांबट अक्षच आकाशात फिरत राहतो. एक फेरी सुमारे ८.८५ वर्षांची. म्हणून आज दिवाळीच्या अमावास्येला चंद्र दूर असेल, तर चार-साडेचार वर्षांनी त्याच सणाला तो जवळ असतो आणि तिथी आखूड होते. भांडणाचा हंगाम असा येतो आणि जातो.

आपल्या ज्योतिर्विदांना चंद्राची ही कमी-जास्त चाल पूर्वीपासून ठाऊक होती. ‘बाणवृद्धी रसक्षय’ असा त्यांचा दाखला : साठ घटिकांची तिथी फार तर पाच घटिका वाढेल किंवा सहा घटिका घटेल. घटिका २४ मिनिटांची, म्हणजे जास्तीत जास्त २६ तास आणि कमीत कमी २१ तास ३६ मिनिटं. सूक्ष्म वेध घेणारे म्हणाले, हे अपुरं आहे. सात घटिका वाढते आणि दहा घटिका घटते. ‘सप्तवृद्धी दशक्षय’. या चार शब्दांवरून महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले. वर दिलेले आकडे घेऊन निवाडा करायचा तर २०२४ ची दिवाळीची अमावास्या ६६ घटिकांची, जुन्या कमाल मर्यादेच्या बाहेर. जून २०२६ ची पन्नासेक घटिकांची, जुन्या किमान मर्यादेच्या बाहेर. सात आणि दहावाले बरोबर होते.

पण जुन्यांना कच्चं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचं गणित मुख्यतः ग्रहणांवरून बसवलेलं, आणि ग्रहणं अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. गंमत अशी, की सूर्याच्या ओढीने चंद्राच्या जागेत पडणारा मोठा फरक अमावास्या-पौर्णिमेला लंबवर्तुळाच्या फरकातून वजा होतो आणि अष्टमीच्या सुमारास त्यात मिळतो. लंबवर्तुळामुळे चंद्र सरासरी जागेपासून सव्वासहा अंश पुढे-मागे होतो. सूर्यामुळे त्यात आणखी सव्वा अंशाची भर किंवा तूट. अमावास्येला उरतात पाच अंश. जुन्या ग्रंथांत तोच आकडा आहे. अष्टमीला मात्र खरा फरक साडेसात अंशांपर्यंत जातो. त्यामुळे जुन्या पद्धतीने अमावास्येची वेळ जवळपास बरोबर येई, ग्रहण जवळपास वेळेवर लागे, आणि अष्टमी चार-पाच तासांनीही चुकू शके. अष्टमीची चूक डोळ्यांना दिसत नाही, ती पकडणार कोण? दहाव्या शतकातल्या मुंजालाने ‘लघुमानसा’त या दुसऱ्या फरकाचा संस्कार दिला होता; तो पंचांगांत सर्वत्र रुळला नाही.

ती दुरुस्ती महाराष्ट्रात नेटाने हाती घेणाऱ्यांपैकी एक आपल्याच जिल्ह्याचे. केरो लक्ष्मण छत्रे, लोकांचे केरूनाना, अलिबागजवळच्या नागावचे. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. त्यांनी पाश्चात्त्य गणितावर आधारलेलं ‘ग्रहसाधनांची कोष्टकं’ हे पुस्तक १८६० मध्ये काढलं आणि पुढे त्यांच्या गणिताने पटवर्धनी पंचांग निघू लागलं. ते घरोघरी पोचलं नाही, पण दृक्‌प्रत्ययाचा, म्हणजे आकाशात दिसेल तेच पंचांगात छापण्याचा, आग्रह तिथून वाढत गेला. लोकमान्य टिळक हे केरूनानांचे विद्यार्थी. पंचांगशुद्धीच्या चळवळीत तेही उतरले. सोलापूरचं दाते पंचांग १९१६ पासूनचं. आज आपल्या भिंतीवरची अमावास्येची वेळ वेधशाळेच्या आकड्याशी मिनिटाला जुळते, त्यामागे एवढी भांडणं आहेत.

चंद्राच्या चालीचा दुसरा खेळ खालापूर तालुक्यातल्या महडला दिसतो. वरदविनायकाच्या या गावात संकष्टीला, त्यातून अंगारकी असली तर विचारूच नका, हजारो लोक चंद्रोदयाची वाट पाहत असतात. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो असं शाळेत शिकवतात. ती सरासरी. प्रत्यक्षात कधी चाळीसेक मिनिटं, कधी तासभर. कक्षेतला वेग आणि क्षितिजाशी त्या वाटेचा होणारा कोन, दोन्ही बदलत राहतात. त्यामुळे एका संकष्टीला चंद्रोदय आठाच्या आसपास, तर दुसरीला दहाच्या पुढे.

इथे मात्र पंचांगाची वेळ हातात धरून बसलेल्या खोपोलीकराला मी एक सांगेन : घाई करू नका. छापलेला चंद्रोदय सपाट क्षितिजासाठी असतो. तुमच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. खोपोली ते खंडाळा हवेतलं अंतर पाचेक किलोमीटर आणि चढ साडेपाचशे मीटरच्या वर. म्हणजे क्षितिज सहा अंश उचललेलं. चंद्र तासाला चौदाएक अंश वर चढतो. हिशेब केला तर पंचांगातल्या वेळेनंतर पंचवीस मिनिटं, कधी अर्धा तास, तो डोंगराआडच असतो. मुंबई आणि पुणे यांच्या चंद्रोदयात चार मिनिटांचा फरक, त्यावर आपण चर्चा करतो. राजमाचीच्या रांगेचा अर्धा तास कोणी मोजत नाही. कर्जतला याच्या उलटही होतं. अमावास्येनंतरची पहिली कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसायची, आणि पश्चिमेला माथेरान आडवं. समुद्रकाठच्या अलिबागकराला जी कोर दिसते ती कर्जतच्या बाजारातून पाहणाऱ्याच्या हाताला लागत नाही.

अंधाऱ्या रात्रीचंही या भागाशी जुनं नातं आहे. मुंबईचं खगोल मंडळ १९८५ मध्ये, हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाच्या सुमारास सुरू झालं आणि कर्जतच्या लोकलने वांगणीला उतरून रात्रभर आकाश पाहण्याची सवय कितीतरी मुंबईकरांना त्यानेच लावली. वांगणी ठाणे जिल्ह्यात मोडते, पण आकाश तेच, नेरळ-कर्जतचं. अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरायचा, संध्याकाळची गाडी पकडायची आणि पहिल्या लोकलने परतायचं. वर्षात बारा-तेरा अमावास्या. त्यातल्या जून ते सप्टेंबरच्या पावसाने खाल्ल्या की आठ-नऊ उरतात. त्यातही आता द्रुतगती मार्गाचे दिवे आणि नवी मुंबईचा उजेड पश्चिमेचं आकाश धुऊन टाकतात. अजून चांगला अंधार हवा असेल तर भीमाशंकरच्या पायथ्याकडे, पेठच्या कोथळीगडाच्या अंगाने जावं. बोरघाटातल्या शिंग्रोबाला नाणं टाकून घाट चढणारा चालक अवसेच्या रात्री जरा जास्तच मनोभावे हात जोडतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वळणावर अंधार असतोच. पण रात्री वाईट ठरवायच्या तर ज्या रात्री आकाशगंगा दिसते तीच का निवडावी, हे कोडं मला सुटलेलं नाही.

गटारी म्हणून कर्जतच्या फार्महाऊसवर जी गर्दी लोटते तीही अमावास्येचीच, आषाढातली. तिचं दुसरं रूप दीप अमावास्या. या आषाढी अमावास्येने एक मोठं नाट्य घडवलेलं आहे आणि ती पुन्हा घडवणार आहे. त्यासाठी चंद्राच्या कक्षेची तिसरी खोड माहीत हवी.

चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला पाच अंशांनी कललेली आहे. म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही. चंद्र बहुतेक वेळा सूर्याच्या वरून किंवा खालून निसटतो. दोन वाटा जिथे छेदतात ते बिंदू म्हणजे राहू आणि केतू. हे बिंदूही मागे-मागे सरकतात आणि १८.६ वर्षांत फेरी पुरी करतात. याचा परिणाम कर्जतकराला ग्रहणाशिवायही दिसू शकतो. कर्जत १८.९ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य इथे मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. चंद्राचं तसं नाही. २०२४-२५ मध्ये तो उत्तरेला साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जात होता. ४ डिसेंबर २०२५, दत्तजयंतीच्या मध्यरात्री कर्जतमध्ये अंगणात उभं राहिलेल्या माणसाची चंद्रसावली दक्षिणेकडे पडलेली होती, कारण चंद्र डोक्यावरच्या बिंदूच्या सात-आठ अंश उत्तरेला होता. २०३४ च्या सुमारास नेमकं उलट होईल. तेव्हा चंद्र उत्तरेला सव्वाअठरा-साडेअठरा अंशांपर्यंतच पोचेल आणि कर्जतच्या माथ्यावरचा बिंदू त्याला ओलांडता येणार नाही. अगदी लागून जाईल, पण दक्षिणेकडूनच. साडेसतरा-पावणेअठरा अक्षांशांवरच्या सोलापुरात तो त्या काळातही डोक्यावरून उत्तरेला उतरेल. ती सीमारेषा कर्जत-खालापूरच्या थोडीशी दक्षिणेला आहे.

आता आषाढी अमावास्या. २२ जुलै २००९ ला सकाळी सुरतेत सूर्य पूर्ण झाकला. काही तास आधीच चंद्र पृथ्वीच्या जवळच्या टोकाला येऊन गेलेला, बिंब मोठं, म्हणून या शतकातलं सर्वांत लांब खग्रास ग्रहण घडलं : कमाल ६ मिनिटं ३९ सेकंद. कोकणावर ढग होते. सहाच महिन्यांनी, १५ जानेवारी २०१० ला, चंद्र दूरच्या टोकाकडे असताना तो पुन्हा सूर्यासमोर आला. या वेळी बिंब लहान पडलं आणि कन्याकुमारी-रामेश्वरम भागात सूर्याचं कंकण दिसलं. कमाल ११ मिनिटं ८ सेकंदांचं ते कंकण या सहस्रकातलं सर्वांत लांब. एकच चंद्र, अंतर बदललं आणि दोन टोकाचे विक्रम झाले.

समुद्र खालापूरला दिसत नाही, पण पाताळगंगा धरमतरच्या खाडीकडे जाते आणि तिथे अमावास्येचं उधाण पोचतं. कोकणातला जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. ढोबळ आहे, कारण तो सरासरी चंद्र धरतो. पण होडीवाल्याचं भागतं. या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं कणाकणाने मंदावतं आणि ती हरवलेली गती चंद्राच्या कक्षेत जमा होते. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले, त्यांवर लेझर टाकून मोजलेलं उत्तर आहे : चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटरने लांब जातो. साठेक कोटी वर्षांनी तो इतका दूर गेलेला असेल, की खग्रास ग्रहण होणारच नाही, फक्त कंकणं उरतील.

आपल्याला तोवर थांबायचं नाही. ग्रहणं १८ वर्षं ११ दिवसांनी त्याच मालिकेत परततात. २००९ च्या ग्रहणाचं पुढचं भावंड २ ऑगस्ट २०२७ ला आहे : पुन्हा आषाढी अमावास्या, या खेपेला सोमवती. इजिप्तमध्ये ते खग्रास, ६ मिनिटं २३ सेकंदांचं. महाराष्ट्रात दुपार उतरताना खंडग्रास. कर्जत-खालापुरात तेव्हा भाताची लावणी नुकतीच उरकलेली असते आणि ढग उघडतील याचा भरवसा नाही. ज्यांना पाहायचंच आहे त्यांनी सोमवारची रजा टाकून घाट ओलांडावा आणि नगर-सोलापूरच्या पर्जन्यछायेत जागा धरावी. ग्रहणाचा चष्मा मात्र आधीच घेऊन ठेवा. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म चालत नाही.